नाव तीन नॅनोमीटर, हाती कथलाचा वाळा

माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून एक मेलेला प्रोसेसर असतो. एका रिकाम्या दुपारी ब्लेडने त्याचं धातूचं झाकण उचकटलं, वाळून खडखडीत झालेली राखाडी पेस्ट स्पिरिटने पुसून काढली आणि खाली नखाएवढा काळपट आरसा निघाला. भिंग लावून पाहिलं. रेषा नाहीत, चौकोन नाहीत, जाहिरातीतल्या फोटोंत असते तशी इंद्रधनुषी नक्षी तर नाहीच. दिसत होता तो माझाच डोळा. भिंग कमी पडतंय असं बराच वेळ वाटत राहिलं. मग कुठे उलगडा झाला की मी चिपची पाठ बघतोय. आजच्या प्रोसेसरमध्ये चिप पालथी बसवतात. ट्रान्झिस्टर (करंट सुरू-बंद करणारे अतिसूक्ष्म खटके) आणि तारांचं तोंड खाली सर्किट बोर्डाकडे आणि वर पंख्याकडे सिलिकॉनची कोरी पाठ.

या पाठीकडे शेवटी परत येऊ, कारण सध्या सगळ्यात मोठी उलथापालथ तिथेच चालू आहे. आधी बातम्यांतल्या आकड्याचं बघू.

नवा प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्ड येणार म्हटलं की पहिला आकडा येतो नॅनोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाचा. पाच, चार, तीन, आता दोन. वाचणारा साहजिकच समजतो की चिपमधली कुठली तरी वस्तू तेवढ्या मापाची असणार. तशी वस्तू चिपमध्ये कुठेच सापडत नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हा आकडा बऱ्यापैकी प्रामाणिक होता. ट्रान्झिस्टरमध्ये करंट सुरू-बंद करणारं जे फाटक असतं, म्हणजे गेट, त्याची लांबी साधारण नावाएवढीच असायची. पुढे दोघांची फारकत झाली. नाव मात्र आपल्या चालीने दर पिढीला ०.७ पट होत राहिलं. लांबी आणि रुंदी दोन्ही ०.७ पट केल्या की क्षेत्रफळ जवळपास निम्मं होतं आणि तेवढ्याच जागेत दुप्पट ट्रान्झिस्टर मावतात, हा त्यामागचा मूळ हिशेब. हिशेब राहिला, मोजायची वस्तू निघून गेली.

खरी मापं बघा. दुसऱ्यांच्या चिप बनवून देणाऱ्या तैवानच्या टीएसएमसीच्या पाच नॅनोमीटर प्रक्रियेत, म्हणजे चिप बनवायच्या पद्धतीत, शेजारच्या दोन गेटमधलं अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत मोजलं तर, सुमारे ५१ नॅनोमीटर आहे. इंटेलच्या १४ नॅनोमीटर प्रक्रियेत ते ७० होतं आणि सगळ्यात दाट तारांमधलं अंतर ५२. म्हणजे नाव १४ वरून ५ वर आलं, जवळजवळ एक तृतीयांश झालं. गेटमधलं अंतर ७० वरून ५१ वर आलं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा म्हणतात ते हेच. (या म्हणीतलं कथील थोड्याच वेळात खरोखरच कामाला येणार आहे.)

मग जागा वाचते कशी? अंतरं कमी करण्याबरोबर आराखड्यात काटकसर करून. ट्रान्झिस्टरचे पंख (वाहकाच्या उभ्या पट्ट्या, त्या पुढे येतील) कमी करायचे, संपर्काची जागा गेटच्या बाजूला न देता थेट गेटच्या डोक्यावर द्यायची, दोन खणांमधली मोकळी पट्टी काढून टाकायची. त्यामुळे एका चौरस मिलिमीटरमध्ये किती ट्रान्झिस्टर बसले, म्हणजे घनता, हा त्यातल्या त्यात भरवशाचा आकडा. तोही पूर्ण सरळ नाही, कारण गणित करणारं सर्किट आणि आठवण ठेवणारं सर्किट सारखं दाटत नाही, आणि कुणाचं मिश्रण किती यावर सरासरी हलते.

इंटेलने जुलै २०२१ मध्ये आपल्या प्रक्रियांची नावं बदलली तेव्हा बरीच टिंगल झाली. आदल्या दिवसापर्यंत जिला दहा नॅनोमीटरची सुधारित आवृत्ती म्हणत होते, तिचं नाव रातोरात ‘इंटेल ७’ झालं. मला त्यात फसवणुकीपेक्षा कंटाळा जास्त दिसला. इंटेलच्या दहा नॅनोमीटरची घनता चौरस मिलिमीटरला सुमारे १० कोटी ट्रान्झिस्टर होती, म्हणजे टीएसएमसीच्या सात नॅनोमीटरच्या तोडीस तोड किंवा किंचित जास्तच. शेजाऱ्याने पाटी बदलली म्हणून यांनीही बदलली. ग्राफिक्स चिपवाल्या एनव्हिडिआची ‘४एन’ प्रक्रियासुद्धा टीएसएमसीच्या पाच नॅनोमीटर घराण्यातलीच, एनव्हिडिआच्या मापाने शिवलेली.

कथलाचा थेंब

चिप बनवणं म्हणजे मुळात छपाई. ३०० मिलिमीटर व्यासाची सिलिकॉनची गोल, आरशासारखी तकाकणारी चकती घ्यायची. तिला वेफर म्हणतात. तिच्यावर प्रकाशाला हळवं रसायन पसरायचं, साच्यातून प्रकाश टाकून नक्षी उमटवायची, उघडी पडलेली जागा कोरायची, त्यात हवा तो पदार्थ भरायचा, वरून घासून सपाट करायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. असे डझनावारी थर. लहानमोठ्या पायऱ्या मोजल्या तर हजाराच्या घरात जातात आणि एक वेफर आत गेला की बाहेर यायला साधारण तीन महिने लागतात. हे तीन महिने लक्षात ठेवा, पुढे लागतील.

छपाईची बारीक रेघ कशाने ठरते? प्रकाशाच्या तरंगलांबीने. जाड टोकाच्या पेनाने तांदळाच्या दाण्यावर नाव लिहिता येत नाही, तसंच. उद्योगाने वर्षानुवर्षं १९३ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश वापरला. भिंग आणि वेफर यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर ठेवून त्याची धार आणखी वाढवली. तरी एका छपाईत दोन रेघांमधलं अंतर ७६-८० नॅनोमीटरच्या खाली जाईना. मग एकाच थराची नक्षी दोन-दोन, चार-चार टप्प्यांत छापायची युक्ती आली. इंटेलची दहा नॅनोमीटर प्रक्रिया इथेच रुतली. ३६ नॅनोमीटर अंतराच्या तारा जुन्याच प्रकाशाने, चार पट विभागणी करून काढायच्या, आणि त्याच वेळी घनता एका दमात २.७ पट करायची असा घाट होता. प्रत्येक जादा टप्पा म्हणजे नक्षी इंचभर नव्हे, दोन-तीन नॅनोमीटर सरकण्याची आणखी एक संधी. २०१४ साली आलेलं १४ नॅनोमीटर इंटेल डेस्कटॉपवर २०२१ पर्यंत चालवत राहिली ती हौसेने नव्हे.

सुटका केली ती १३.५ नॅनोमीटरच्या प्रकाशाने. आणि हा प्रकाश येतो कथलापासून.

नेदरलँड्समधल्या वेल्डहोवेनची एएसएमएल ही कंपनी ही यंत्रं बनवते. जगात दुसरं कुणी ती बनवून विकत नाही. यंत्राच्या पोटात वितळलेल्या कथलाचे थेंब सेकंदाला ५० हजार या वेगाने सोडले जातात. एकेक थेंब केसाच्या जाडीहूनही लहान. तो निर्वात पोकळीतून चाललेला असताना लेसरचा पहिला फटका त्याला चापट मारून चकती करतो आणि लगेच दुसरा, खूप जोराचा फटका त्या चकतीचा प्लाझ्मा करतो, सूर्याच्या पृष्ठभागाच्या कितीतरी पट तापलेला. त्या क्षणी जी ठिणगी निघते तिच्यात हवा तो प्रकाश असतो. मग पुढचा थेंब. थेंब चुकला, थेंबाची चकती वाकडी झाली, तर त्या वेळेपुरता दिवा मंद. सेकंदाला ५० हजार वेळा नेम धरायचा आणि तो महिनोन्‌महिने चुकवायचा नाही.

एवढा आटापिटा करून मिळालेला प्रकाश भलताच नाजूक. हवा त्याला गिळते, काच त्याला गिळते. म्हणून सगळं काम निर्वातात आणि भिंगांऐवजी आरशांनी. जर्मनीच्या झाइस कंपनीने बनवलेल्या या आरशांवर मॉलिब्डेनम आणि सिलिकॉनचे डझनावारी पातळ थर असतात आणि तरीही प्रत्येक आरसा सुमारे ३० टक्के प्रकाश खातो. दहा आरसे धरून गुणाकार करून बघा: ०.७ चा दहावा घात, म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी. शंभर रुपये घेऊन निघालेला माणूस दुकानात पोचेपर्यंत तीन रुपये उरावेत तशी गत. या यंत्राच्या किमतीबद्दल सगळेच बोलतात; मला जास्त नवल वाटतं ते याचं, की एवढी गळती गृहीत धरून कुणीतरी हे यंत्र चालेल असं दोन दशकं मानत राहिलं.

२०१८-१९ पासून हा प्रकाश उत्पादनात आला आणि सात नॅनोमीटरच्या पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पुढची पायरी आरशांचा घेर मोठा करण्याची. त्या पिढीचं पहिलं यंत्र इंटेलने एप्रिल २०२४ मध्ये ऑरेगॉनमध्ये जोडून पूर्ण केलं. वजन सुमारे १५० टन, आलं २५० खोक्यांमधून. त्याची गोम अशी की रेघ बारीक होते, पण एका वेळी छापता येणारी चौकट निम्मी होते. ही चौकट पुढे ग्राफिक्स कार्डांच्या वेळी आडवी येणार आहे.

ट्रान्झिस्टरच्या आकारातही बदल झालाय, त्यावर धावती नजर टाकू. रबरी नळीतून पाणी वाहतंय. तिला वरून एका बोटाने दाबलं तर खालून थोडं गळतच राहतं. जुना सपाट ट्रान्झिस्टर तसा. इंटेलने २२ नॅनोमीटरला, २०११-१२ मध्ये, वाहकाला पंखासारखं उभं केलं आणि गेटने तीन बाजूंनी धरलं. आता पंखाऐवजी एकावर एक पातळ पट्ट्या ठेवून गेट चारही बाजूंनी, मुठीत धरल्यासारखं वेढतात. सॅमसंगने हे २०२२ मध्ये तीन नॅनोमीटरला सुरू केलं, इंटेलने ‘१८ए’ प्रक्रियेत आणि टीएसएमसीने ‘एन२’ मध्ये. टीएसएमसीच्या एन२ चं मोठ्या प्रमाणावरचं उत्पादन २०२५ च्या अखेरच्या तिमाहीत सुरू झालं. गळती कमी म्हणजे तेवढ्याच कामाला वीज कमी. नव्या प्रक्रियेचा वापरणाऱ्याला होणारा खरा फायदा बहुतेक वेळा हाच असतो, वेग त्याच्या मागून येतो.

सत्तर ठिपके

आता माझ्या मते या सगळ्यातली कळीची गोष्ट. कुठला प्रोसेसर कधी येणार, कुठलं कार्ड अर्धवट कापून विकलं जाणार, फोनला नवी प्रक्रिया आधी का मिळते आणि ग्राफिक्स कार्डाला वर्षानुवर्षं का थांबावं लागतं, या सगळ्याचं उत्तर नॅनोमीटरमध्ये कमी आणि वेफरवरच्या हिशेबात जास्त आहे.

वेफरचं क्षेत्रफळ सुमारे ७०७ चौरस सेंटिमीटर. कितीही स्वच्छ कारखाना असला तरी दोष पडतातच: एखादा कण, एखादी न जुळलेली तार, एखादं अर्धवट भरलेलं छिद्र. हिशेबापुरतं धरू की दर चौरस सेंटिमीटरला सरासरी ०.१ दोष, म्हणजे अख्ख्या वेफरवर सत्तरएक ठिपके कुठेही विखुरलेले.

या वेफरवर ७५० चौरस मिलिमीटरच्या मोठ्या चिप छापल्या तर कडेचे तुटके तुकडे सोडून साधारण ७० मावतात. सत्तर चिप, सत्तर ठिपके. काही ठिपके कडेच्या कचऱ्यावर पडतील, काही चिपवर दोन-दोन पडतील, तरी संभाव्यतेचा साधा नियम सांगतो की निर्दोष चिप सुमारे ४७ टक्केच निघतील. म्हणजे तेहेतीस. त्याच वेफरवर ७० चौरस मिलिमीटरच्या लहान चिप छापल्या तर सुमारे ९३० मावतात आणि सत्तर ठिपक्यांनी जास्तीत जास्त सत्तर खराब होणार. ९३ टक्के चिप धडधाकट. कारखाना तोच, प्रक्रिया तीच, कामगार तेच. फक्त चिपचा आकार बदलला. यालाच यील्ड म्हणतात आणि चिप कंपन्यांत ज्या आकड्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं तो हा.

नव्या प्रक्रियेत सुरुवातीला ठिपके जास्त असतात, मग महिन्यागणिक कमी होत जातात. साहजिकच सुरुवातीच्या वेफरवर लहान चिप छापणं शहाणपणाचं. फोनची चिप साधारण १०० चौरस मिलिमीटरची, म्हणून टीएसएमसीच्या तीन नॅनोमीटरचा पहिला मोठा मुक्काम सप्टेंबर २०२३ मध्ये ॲपलचा फोन होता. एनव्हिडिआने मोठ्या चिपसाठी तेच घराणं धरलं ते ‘रुबिन’ या डेटा सेंटरच्या चिपला, आणि ते २०२६ चं उत्पादन. तोवर प्रक्रिया मुरलेली असते.

खराब चिप फेकून देतात का? क्वचित. एनव्हिडिआच्या आरटीएक्स ५०९० या ग्राफिक्स कार्डाची चिप ७५० चौरस मिलिमीटरची आहे आणि तिच्यात गणनेचे १९२ गट छापलेले असतात. दुकानातल्या ५०९० मध्ये चालू असतात १७०. उरलेले २२ सिलिकॉनमध्ये आहेत, त्यांची जागा आहे, पण त्यांना कायमचं झोपवलंय. ठिपका ज्या गटावर पडला तो गट बंद करायचा आणि बाकीची चिप विकायची. हीच चिप व्यावसायिक वापराच्या आरटीएक्स प्रो ६००० मध्ये १८८ गट चालू ठेवून येते, कारण सगळ्यात नीट निघालेले नग तिकडे जातात. एएमडी कंपनीचा सहा कोरचा (कोर म्हणजे स्वतंत्रपणे गणना करणारा भाग) रायझन प्रोसेसर म्हणजे आठ कोरच्या चिपमधले दोन बंद. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावामागे ‘एफ’ असेल तर आतला ग्राफिक्स भाग बंद. यात कमीपणा काही नाही. बंद भाग तुमच्या वाटेला येत नाही आणि चालू भाग तपासूनच बाहेर पडलेला असतो. आणि कधीकधी पूर्ण चांगली चिपही मुद्दाम कापतात, कारण खालच्या मॉडेलला मागणी जास्त आणि खराब नग पुरेसे निघत नाहीत. कारखाना सुधारला की हा पेच येतो.

मोठ्या चिपला आणखी एक भिंत आहे. छपाई यंत्राची एका वेळची चौकट २६ गुणिले ३३ मिलिमीटर, म्हणजे ८५८ चौरस मिलिमीटर. त्याहून मोठी चिप एका तुकड्यात छापताच येत नाही. एनव्हिडिआची एच१०० ही डेटा सेंटरची चिप होती ८१४ ची, भिंतीला नाक टेकलेलं. पुढची बी२०० आली ती दोन चिप जोडूनच, २० हजार ८०० कोटी ट्रान्झिस्टर घेऊन. मघाशी म्हटलेल्या नव्या यंत्रात चौकट निम्मी, ४२९. म्हणजे पुढच्या काळात जोडकामाला पर्यायच उरत नाही.

एएमडीने हे जोडकाम डेस्कटॉपवर आधी मनावर घेतलं. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या रायझन ९००० मध्ये कोरची चिप सुमारे ७० चौरस मिलिमीटरची, चार नॅनोमीटर वर्गातली. बाहेरच्या जगाशी बोलणारी चिप वेगळी, जुन्या सहा नॅनोमीटरवर. सोळा कोर हवे असतील तर कोरच्या दोन चिप लावायच्या. इंटेलचा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेला कोअर अल्ट्रा २००एस तर चार-पाच तुकड्यांची गोधडी आहे आणि त्यातला मुख्य गणनेचा तुकडा टीएसएमसीच्या तीन नॅनोमीटरवर छापलेला. इंटेलचा प्रोसेसर, कारखाना प्रतिस्पर्ध्याचा. त्याआधी इंटेलने स्वतःची ‘२०ए’ प्रक्रिया गुंडाळून सगळा जोर १८ए वर लावला होता.

तुकडे करण्यामागे आणखी एक कारण आहे, जे बातम्यांत फारसं येत नाही. कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, आता फारशी आकसत नाही. एक बिट साठवणारा खण टीएसएमसीच्या पाच नॅनोमीटरला ०.०२१ चौरस मायक्रोमीटरचा होता आणि तीन नॅनोमीटरच्या प्रचलित आवृत्तीतही ०.०२१ चाच राहिला. महागड्या वेफरवर जागा अडवायची आणि बदल्यात काहीच मिळवायचं नाही. मग कॅश जुन्या प्रक्रियेवर वेगळी छापून चिकटवलेली काय वाईट? रायझन ७००० च्या ‘एक्स३डी’ मॉडेलांत कोर पाच नॅनोमीटरवर आणि त्यावर चिकटवलेली ६४ एमबी कॅश सात नॅनोमीटरवर आहे. गेम खेळणाऱ्यांच्या या लाडक्या प्रोसेसरचं गुपित निम्मं जुन्या कारखान्यात आहे.

पिढी बदलली, प्रक्रिया नाही

एक जोडी शेजारी ठेवून बघण्यासारखी आहे. आरटीएक्स ३०९० ची चिप सॅमसंगच्या आठ नॅनोमीटरवर: ६२८ चौरस मिलिमीटरमध्ये २,८३० कोटी ट्रान्झिस्टर. ४०९० टीएसएमसीच्या ४एन वर: ६०९ चौरस मिलिमीटरमध्ये ७,६३० कोटी. भागाकार केला तर चौरस मिलिमीटरला साडेचार कोटींवरून साडेबारा कोटींवर उडी. त्या पिढीच्या कामगिरीतला बराचसा चमत्कार इथेच आहे. आता ५०९०: पुन्हा त्याच घराण्यातली प्रक्रिया, ७५० चौरस मिलिमीटर, ९,२२० कोटी. भागाकार पुन्हा सव्वाबारा कोटींच्या आसपास, किंचित कमीच. म्हणजे ट्रान्झिस्टर वाढले ते चिप मोठी केल्यामुळे, आणि वीज ४५० वॉटवरून ५७५ वॉटवर गेली. मेमरी नवी झाली, रचना सुधारली, ते सगळं खरं. पण सिलिकॉन तेच. २०२५ च्या जानेवारीत ते कार्ड आलं तेव्हा अपेक्षेपेक्षा उडी लहान वाटली म्हणून लोक चिडले. हा भागाकार आधी केला असता तर चिडायचं कारण उरलं नसतं.

याच चष्म्यातून पुढचं बघता येतं. ग्राफिक्स कार्डांची पुढची पिढी तीन नॅनोमीटर वर्गात गेली तर घनतेची उडी पुन्हा मिळेल, पण ४०९० च्या वेळची जवळपास तिप्पट उडी नाही, कारण तेव्हा प्रक्रियेच्या दोन पायऱ्या एकदम चढल्या होत्या आणि आता कॅश आकसायची थांबलीय. पुढच्या कार्डांबद्दल आधीच कानावर पडणारी कोरांची संख्या आणि वेग याला मी फार किंमत देत नाही. चिपचं क्षेत्रफळ आणि प्रक्रिया कळली की बाकीचं बरंचसं कागदावर काढता येतं.

प्रोसेसरच्या आघाडीवर कंपन्यांनी स्वतः सांगितलेलं असं. एएमडीची पुढची कोरची रचना ‘झेन ६’ दोन नॅनोमीटरवर जातेय. त्यावरचा ‘व्हेनिस’ हा सर्व्हर प्रोसेसर २०२६ साठी ठरलेला आहे. इंटेलचा ‘पँथर लेक’ हा लॅपटॉपचा प्रोसेसर १८ए वरचा पहिला, तो २०२६ च्या जानेवारीत आला; डेस्कटॉपच्या ‘नोव्हा लेक’साठी कंपनीने २०२६ ची अखेर सांगितलीय. एनव्हिडिआने रुबिनसाठी २०२६ चा उत्तरार्ध दिलाय आणि तो डेटा सेंटरचा माल आहे, घरच्या संगणकाचा नव्हे.

या तारखांमागची घडी समजली तर अफवा गाळायला सोपं जातं. आराखडा पूर्ण होऊन कारखान्याकडे जातो त्याला टेप-आऊट म्हणतात. मग ते मघाचे तीन महिने. पहिला वेफर हातात आला की तपासणी, चुका, दुरुस्ती आणि दुरुस्तीसाठी पुन्हा वेफर, म्हणजे पुन्हा महिने. ‘ए०’, ‘बी०’ अशी जी अक्षरं कानावर पडतात ती या आवृत्त्यांची. अक्षर बदललं तर मुळापासून साचे बदलले, आकडा बदलला तर बहुधा वरच्या तारांचेच. व्हेनिसचा टेप-आऊट झाल्याचं एएमडीने एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं आणि विक्री २०२६ ची. म्हणून ‘अमुक चिपचा टेप-आऊट झाला, तीन महिन्यांत बाजारात’ अशी बातमी दिसली की ती बाजूला ठेवावी. उलट ‘उत्पादन सुरू झालं’ हे कंपनीने सांगितलं की सहाएक महिने हाताच्या अंतरावर.

आणि माल तयार असला तरी तो कुणाकडे जाणार? वेफर तोच, त्यावर घरच्या संगणकाचं कार्ड छापायचं की डेटा सेंटरची चिप, हे नफा ठरवतो. एएमडीच्या झेन ५ मध्येच, म्हणजे रायझन ९००० मधल्या रचनेत, बघा: डेस्कटॉपला चार नॅनोमीटर, सर्व्हरच्या दाट आवृत्तीला तीन. मेमरीचंही तेच. डेटा सेंटरच्या चिपला लागणारी थरावर थर रचलेली एचबीएम मेमरी तेवढ्याच बिटांसाठी संगणकातल्या साध्या डीडीआर५ मेमरीच्या सुमारे तिप्पट वेफर खाते, असं मायक्रॉननेच सांगितलंय. ती मेमरी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच: सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन. घरच्या कार्डाची मेमरीही त्यांच्याच कारखान्यांतून येते. लाँचच्या दिवशी कार्ड ‘उपलब्ध’ आणि दुकानात मात्र रिकामा खण, यात दर वेळी कट-कारस्थान शोधायची गरज नसते.

आता ती पाठ.

आजवर चिपच्या एकाच बाजूला सगळं होतं. तळाला ट्रान्झिस्टर, वर पंधरा-सोळा मजले तारा, आणि त्याच मजल्यांतून निरोपही जायचे आणि वीजही. सगळ्यात वरच्या जाड तारेतून निघालेली वीज मजले उतरत खालच्या केसाहून हजारो पट बारीक तारेतून ट्रान्झिस्टरपर्यंत पोचायची, वाटेत थोडी मरायची आणि निरोपांची वाट अडवायची. इमारतीत माणसं आणि पाण्याचे पिंप एकाच जिन्याने न्यायचे म्हटल्यासारखं. १८ए मध्ये इंटेलने विजेला मागचं दार दिलंय. कंपनी त्याला पॉवरव्हिया म्हणते. टीएसएमसी तेच आपल्या पद्धतीने ‘ए१६’ प्रक्रियेत करणार आहे आणि त्याचं वेळापत्रक २०२६ च्या उत्तरार्धाचं आहे.

करायचं कसं ते ऐकण्यासारखं आहे. आधी नेहमीसारखे ट्रान्झिस्टर आणि निरोपाच्या तारा पुढच्या बाजूला बनवतात. मग त्या तयार बाजूवर एक कोरा वेफर चिकटवतात, निव्वळ आधारासाठी. सगळं उलटं करतात. आता वर आलेली असते ती मूळ सिलिकॉनची पाठ. ती घासत, घासत, घासत इतकी पातळ करतात की ट्रान्झिस्टरचे तळवे हाताशी येतात. आणि तिथून विजेच्या जाड तारा जोडतात. इंटेलने २०२३ मध्ये एका चाचणी चिपवर हे करून बघितलं तेव्हा वेग सुमारे सहा टक्के वाढला, तोही ट्रान्झिस्टर न बदलता.

फटका उष्णतेला बसतो. माझ्या टेबलावरच्या जुन्या चिपमध्ये ट्रान्झिस्टर आणि पंखा यांच्यामध्ये सलग सिलिकॉन आहे आणि सिलिकॉन उष्णता छान वाहून नेतं. नव्या चिपमध्ये ट्रान्झिस्टर दोन्हीकडून तारांमध्ये चेपलेले असतात आणि त्यांची उष्णता तारांचे मजले, चिकटवलेला सांधा आणि मग तो आधाराचा वेफर असं ओलांडून वर येते. पँथर लेकच्या एखाद्या लॅपटॉपमधली गणनेची चिप उद्या कुणी उघडून पुसली तर तिथेही काळपट आरसाच दिसेल. फक्त तो चिपची पाठ नसेल. मूळ पाठ कारखान्यातच घासून संपलेली असेल आणि दिसत असेल तो आधाराला चिकटवलेला परका सिलिकॉनचा तुकडा, ज्यावर कधी एकही ट्रान्झिस्टर नव्हता.